गाणे मधेच तोडू नका!

मराठी माणूस गाणाऱ्यावरून जीव ओवाळून टाकतो, अशी आपली एक लाडकी समजूत आहे. मला ती मान्य नाही. आपण जीव ओवाळतो तो गाणाऱ्याच्या गोष्टीवरून. त्याचे दारिद्र्य, त्याचे कर्ज, त्याचे व्यसन, त्याची प्रेमप्रकरणे, त्याचा अखेरचा आजार हे सारे आपण तिकीट काढून पाहतो, डोळे पुसतो आणि घरी येऊन गरम भात जेवतो. त्याचे गाणे मात्र आपल्याला तुकड्यातुकड्याने लागते. मुखडा आला, टाळी पडली, की लावा पुढचे! ज्या समाजाला एक गाणे शेवटपर्यंत ऐकवत नाही, त्याने गायकांची चरित्रे रंगवीत बसावे, यापरता विनोद तो कोणता?

दिवाळीच्या पहाटे फराळाला बसण्याआधी कारिट फोडून जिभेला लावण्याची आपली रीत आहे. वाचकहो, हा लेख म्हणजे ते कारिट समजा. चकली-करंजीची पाने पुढे आहेतच.

मुद्द्याला हात घालण्यासाठी मी उदाहरण घेतो ते एका परक्या वाटणाऱ्या गवयाचे. तो परका वाटतो, पण त्याच्या आयुष्याची आठ-एक वर्षे आपल्या सातारा जिल्ह्यात गेली आहेत. फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारला जन्मला. वडील तिथे इंग्रज सरकारच्या कचेरीत खजिनदारीचे काम करीत. त्यांनी मुलाला लहानपणीच बोटीने हिंदुस्थानात धाडले आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवले. तिथेच सोबती त्याला फ्रेडी म्हणू लागले; तिथेच तो पियानो शिकला; तिथेच पाच पोरांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. गंमत अशी, की त्या वृंदात पुढे उभा राहून गाणारा मुलगा दुसराच होता. हा मागे पियानो वाजवी. १९६३ मध्ये त्याने पाचगणी सोडली. १९६४ मध्ये झांझिबारात क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला गेले. १९७० मध्ये तिथे ‘क्वीन’ हा रॉक संगीताचा संच उभा राहिला आणि फारुख बलसाराचा फ्रेडी मर्क्युरी झाला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, एड्सच्या आजाराने तो गेला.

या एका माणसावर तीन जातींचे चित्रपट झाले आहेत, आणि त्या तिघांना शेजारी शेजारी उभे केले, की माझे म्हणणे आपोआप उभे राहते. पहिली जात कथापटाची: दुसऱ्याने तोंडाला रंग लावून गायकाचे सोंग घ्यायचे. दुसरी जात अनुबोधपटाची: जुनी छायाचित्रे दाखवायची आणि मित्रांना, भावंडांना, सहकाऱ्यांना बोलते करायचे. तिसरी जात जलशाच्या बोलपटाची: गायक गातो आहे, कॅमेरा पाहतो आहे, बस्स. आपल्याकडे तमाशाला, सत्यशोधकांच्या आणि आंबेडकरी कार्यक्रमांना जलसा हा शब्द जुनाच आहे, म्हणून मी याला जलसापट म्हणतो.

आधी कथापट घेऊ. २०१८ मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आला. जगभर चालला. नायकाचे काम करणाऱ्या रामी मालेकला ऑस्कर मिळाले. चित्रपटाला एकूण चार मिळाली. नटाने मेहनत घेतली आहे, हे मी नाकारीत नाही. पण या चित्रपटाने काळाशी जो खेळ केला आहे, तो पाहा. १३ जुलै १९८५ च्या वेम्बली मैदानावरील गाण्यापूर्वी संच फुटलेला होता आणि फ्रेडीला आपल्या आजाराची खबर लागली होती, असे त्यात दाखवले आहे. खरे काय? १९८४ मध्ये त्यांची नवी ध्वनिमुद्रिका निघाली होती, संच देशोदेशी गात फिरत होता, आणि १९८५ च्या जानेवारीत ब्राझीलमध्ये रिओला गाऊन आला होता. आजाराचे निदान झाले ते १९८७ मध्ये, असे त्याच्या निकटच्या माणसाने लिहून ठेवले आहे. मग ही दोन वर्षांची उडी कशासाठी? प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी यावे म्हणून! गाणे एकट्याने हे पाणी आणील, असा विश्वास चित्रपट काढणाऱ्याला नव्हता. म्हणून त्याने गाण्याच्या मागे मृत्यू उभा केला. मला यात नुसती तारखेची चूक दिसत नाही. यात गाण्याचा अपमान दिसतो. आणि पाचगणीची ती आठ वर्षे? ती चित्रपटात दाखवलेलीच नाहीत. ज्या वयात गळा, बोटे आणि एकटेपण घडले ते वय वगळले, आणि ज्या दिवशी तो नुसता उत्तम गायला त्या दिवसाला खोट्या दुःखाची झालर लावली.

आता त्याच दिवसाचे खरे चित्रण पाहा. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी तो जलसा होता. आम्हा मराठवाड्याच्या माणसांना दुष्काळ म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. ७२ ची आठवण अजून घराघरांत आहे. मैदानात सत्तर हजारांवर माणसे आणि क्वीनच्या वाट्याला वीस-एकवीस मिनिटे. पांढरा बनियन घातलेला माणूस धावत येतो, पियानोपाशी बसतो, मग ध्वनिक्षेपकाची अर्धी दांडी हातात घेऊन उठतो. मधेच तो नुसता आवाज टाकतो, शब्द नाहीतच, आणि सत्तर हजार माणसे तो आवाज जशीच्या तशी परत करतात. तो आणखी अवघड जागा घेतो; लोक तीही परत करतात. यात रडण्यासारखे काय आहे? काही नाही. तरी घसा दाटतो. ज्याने कीर्तनकाराच्या मागे ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणत सारा मंडप डोलताना पाहिला आहे, ज्याने शाहिराच्या पाठीशी झीलकऱ्यांचा ‘जी जी रं जी’ ऐकला आहे, त्याला हा प्रकार नवा नाही. माणसांच्या गर्दीचा एक गळा कसा होतो, हे या एकवीस मिनिटांत कळते. कथापटाला तेच करायला सव्वादोन तास लागले, आणि शेवटी त्यानेही काय केले? याच एकवीस मिनिटांची नक्कल!

दुसरे उदाहरण याहूनही बोलके आहे. २७ जुलै १९८६ रोजी क्वीन हंगेरीत, बुडापेस्टला गायले. तो देश तेव्हा पोलादी पडद्याआड होता. तिथल्याच छायालेखकांनी ते चित्रण केले. त्यात एक क्षण आहे. फ्रेडी हंगेरीचे एक लोकगीत गाऊ लागतो, आणि शब्द आठवेनात म्हणून तळहातावर लिहून आणलेली अक्षरे वाचतो. जगज्जेता गवई, आणि परीक्षेतल्या पोरासारखा तळहाताकडे पाहतो आहे! परक्या माणसांची भाषा एका संध्याकाळपुरती का होईना, आपल्या तोंडात यावी म्हणून त्याने केलेली ती खटपट पाहून त्या माणसाचा स्वभाव जितका कळतो, तितका शंभर मुलाखतींनी कळत नाही. असा क्षण कोणी लिहून काढू शकत नाही. कॅमेरा चालू होता, आणि तो कोणी मधेच बंद केला नाही, म्हणून तो आपल्याला मिळाला.

अनुबोधपटाची गोष्ट मधली आहे. २००० मध्ये निघालेला ‘द अनटोल्ड स्टोरी’ हा अनुबोधपट झांझिबारपासून सुरुवात करतो, हिंदुस्थानातले बालपण सांगतो, आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. पण अनुबोधपटांची एक सार्वत्रिक खोड आहे. गाणे सुरू झाले, की अर्ध्या मिनिटात ते खाली दाबायचे आणि कोणी तरी खुर्चीत बसून सांगायचे, ‘तो फार थोर होता हो!’ अरे बाबा, तो थोर होता हे तोच सांगत होता. तू मधे का बोललास? लग्नाच्या पंगतीत जेवणाऱ्याचा हात धरून स्वयंपाकाची स्तुती करण्यासारखे आहे हे.

आता आपल्या घराकडे या. बालगंधर्वांच्या ऐन उमेदीची रंगभूमी चित्रित झाली नाही, याबद्दल मी कोणाला दोष देणार नाही. बोलका चित्रपट हिंदुस्थानात आला १९३१ मध्ये, मराठीत आला १९३२ मध्ये, आणि गंधर्वांची किर्ती त्याच्या वीस वर्षे आधीची. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते आमच्या पैठणच्या एकनाथांच्या भूमिकेत उभे राहिले, तेव्हा त्यांचे वय ४७ होते, आणि ज्या स्त्रीवेषाने महाराष्ट्राला वेड लावले तो वेष त्यात नव्हता. गाणे उरले ते तबकडीच्या एका बाजूला मावेल एवढे, तीन-साडेतीन मिनिटांचे. तेव्हा यंत्र नव्हते, हे कारण मला पटते. २०११ मध्ये त्यांच्यावर कथापट निघाला, सुबोध भावे त्यात दिसले, आनंद भाटे त्यात गायले, तोही मला पटतो. कारण तिथे दुसरा इलाजच नव्हता.

पण वामनदादा कर्डक? १५ ऑगस्ट १९२२ ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा कवी-गायक १५ मे २००४ रोजी गेला. तोवर तालुक्याच्या गावीसुद्धा लग्नाचे चित्रण करणारे दुकान झाले होते. तेव्हा यंत्र नव्हते, असे म्हणायला आपल्याला तोंड आहे का?

हा प्रश्न माझा नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा आहे. मी शाळामास्तर आहे. स्वतः दहावीपुढे शिकलो नाही, पण मुलांना मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या तालमीत पोरे क्वीनच्या गाण्याच्या ठेक्यावर पाय आपटीत होती. मी त्यांना म्हटले, ठेका आवडतो ना, मग सबंध जलसा बघा. वेम्बलीची ती एकवीस मिनिटे त्यांना एकसलग दाखवली. तीन मिनिटे स्वस्थ न बसणारी ती मुले हलली नाहीत. संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. म्हणाला, “सर, आमच्या आजोबांनी वामनदादांना आमच्या वस्तीत रात्रभर ऐकलंय. तो कार्यक्रम असा सबंध बघायला मिळेल का?” मी शोधले. कडवी मिळाली, तुकडे मिळाले, इतरांनी गायलेली त्यांची गाणी तर ढिगाने मिळाली. रात्रभराचा सबंध जलसा मात्र त्या पोराला दाखवायला मला मिळाला नाही. त्याच्या आजोबांनी जे डोळ्यांनी पाहिले, ते आता आजोबांबरोबर जाणार. बुडापेस्टची एक संध्याकाळ माझ्या वर्गात येऊ शकते, आणि आमच्याच शहरातल्या वस्तीतली एक रात्र येऊ शकत नाही, याची लाज कोणाला वाटायची?

हे होऊ शकते, याचा दाखला आपल्याकडेच आहे. आनंद पटवर्धन यांनी १९८५ मध्ये, म्हणजे वेम्बलीच्या जलशाच्याच वर्षी, मुंबईच्या झोपडपट्टीवासीयांवर ‘हमारा शहर’ हा अनुबोधपट केला. त्यात विलास घोगरे नावाच्या शाहिराला त्यांनी गाताना टिपले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, पुतळ्याच्या विटंबनेने क्षुब्ध झालेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे मेली. ते दुःख घोगऱ्यांना सोसवले नाही. चौथ्या दिवशी त्यांनी आपले आयुष्य संपवले. पटवर्धनांनी पुढे १४ वर्षे खपून ‘जय भीम कॉम्रेड’ हा तीन तासांहून मोठा चित्रपट केला. तो २०११ मध्ये पुरा झाला. त्यात घोगरे आहेत, आणि शीतल साठेंसारखी पुढच्या पिढीची गाणारी माणसेही आहेत. त्यातले राजकारण कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. १९८५ मध्ये एका गरीब शाहिरापुढे कोणी कॅमेरा धरला नसता, तर १९९७ नंतर हा माणूस वर्तमानपत्राच्या एका बातमीएवढा उरला असता. आज तो गातो आहे. वेम्बलीवर उपग्रह लागले होते. इथे एक कॅमेरा आणि एक कान असलेला माणूस पुरला.

कोणी म्हणेल, कथापटाचा एवढा राग का? त्यामुळे नव्या पिढीला नाव तरी कळते! कळते, हे मी मान्य करतो. २०१८ चा चित्रपट पाहून कितीतरी मुले खऱ्या फ्रेडीकडे वळली. पण ती वळू शकली, कारण वळल्यावर समोर खरा फ्रेडी होता! १९८१ मध्ये माँट्रियलला केलेले त्याचे चित्रण २०२४ च्या जानेवारीत मोठ्या पडद्यांच्या चित्रगृहांत पुन्हा लागले. माणूस जाऊन तेहेतिसावे वर्ष चालू होते. कथापट हे दार आहे. त्यांच्याकडे दार उघडले की दिवाणखान्यात गाणे चालू असते. आपल्याकडे पुष्कळदा दार उघडले की मागे भिंत.

दुसरे कोणी म्हणेल, ध्वनिमुद्रण आहे की, डोळ्यांनी काय पाहायचे? अहो, आवाज कुठून निघतो ते पाहायचे! जागा घेण्याआधी गवई तबलजीकडे कसा पाहतो, साथीदाराच्या चेहऱ्यावर दाद कशी उमटते, शाहिराचा हात डफावरून कानाकडे कसा जातो, भारूड म्हणणारा चार घरच्या कपड्यांत चार माणसे कशी उभी करतो, हे तबकडीत कुठून येणार? विद्या पाहूनच उतरते. म्हणून तर शिष्य गुरूच्या समोर बसतो.

तिसरा आक्षेप पैशाचा. तो मात्र मी हसण्यावारी नेणार आहे. यंदाही गावोगावी दिवाळी पहाट होईल. मंडपाला, फुलांना, दिव्यांना, पाहुण्यांच्या शालींना लाखांनी पैसा जाईल. मंचाच्या दोन्ही बाजूंना प्रचंड पडदे लागतील. पाच-पाच कॅमेरे असतील. आणि ते काय टिपतील? समेवर येणाऱ्या गवयाला सोडून पुढच्या रांगेतल्या प्रायोजकाचा चेहरा! दुसऱ्या दिवशी त्या चित्रणातली दोन मिनिटे कापून, वर पक्ष्यांचा किलबिलाट आणि शुभेच्छांची अक्षरे घालून, घरोघरच्या मोबाइलवर पाठवली जातील. उरलेले तीन तास कुठे जातात? पुसले जातात. पैसा नव्हता असे नाही. कॅमेरा नव्हता असेही नाही. गाणे सबंध ठेवण्यासारखी वस्तू आहे, ही बुद्धी नव्हती.

आमच्या शहराचेच बोलतो. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, पण ही खोड बदलली नाही. वेरूळ-अजिंठा महोत्सवात सोनेरी महालासमोर देशातले मोठमोठे कलावंत गाऊन-नाचून गेले. नाथषष्ठीला पैठणच्या वाळवंटात कीर्तने होतात, भारुडे होतात. खुलदाबादच्या उरुसात कव्वाल्या रंगतात. हजारो हात मोबाइल उंचावतात आणि प्रत्येक हात तीस सेकंदांनी खाली येतो. हजार माणसांनी मिळून एकही सबंध गाणे टिपलेले नसते! पंडित नाथराव नेरळकर इथल्या दोन-तीन पिढ्यांना गाणे देऊन २०२१ मध्ये गेले. त्यांच्यावर भाषणे झाली. पण गाणारा माणूस गेल्यावर भाषणे करणे, हा काही त्याला ऐकण्याचा प्रकार नव्हे.

तेव्हा माझी मागणी साधी आहे, आणि ती सरकारकडे नाही. समित्यांकडे, शाळांकडे आणि तुमच्याकडे आहे. जिथे गाणे होईल तिथे एक कॅमेरा असा ठेवा, की जो गायकावरून हलणार नाही आणि शेवटच्या सुरापर्यंत बंद होणार नाही. गायकाची लेखी परवानगी घ्या, त्याचा योग्य तो मोबदला द्या. तो नको म्हणाला तर कॅमेरा गुंडाळा, कारण गाणे त्याचे आहे. तारीख, गाव, गायकाचे नाव लिहा. तबलजीचे, पेटीवाल्याचे, टाळकऱ्याचे आणि झीलकऱ्याचेही लिहा. दोन प्रती करा आणि त्यांतली एक गावच्या वाचनालयात ठेवा. या साऱ्याला मंडपाच्या फुलांइतकासुद्धा खर्च येत नाही.

आणि घरात? तुमच्या घरीही एखादी आत्या असेल, जिला जात्यावरच्या ओव्या येतात. एखादे काका असतील, जे उटणे लावता लावता अजून एखादे नाट्यपद म्हणतात. भाऊबीजेला सारी मंडळी जमतील. तेव्हा फोटोसाठी त्यांना ‘हसा हसा’ म्हणू नका. समोर बसा, मोबाइल कशाला तरी टेकवून ठेवा, आणि त्यांना गाऊ द्या. मधे त्यांना खोकला येईल, शब्द विसरेल, कोणी तरी चहा आणून ठेवील, पोर रडेल. राहू द्या ते सारे. पुढे कोणाला त्या माणसाचे चरित्र हवे झाले, तर ते त्या खोकल्यात आणि त्या विसरलेल्या शब्दात सापडेल. फक्त एक करा. गाणे संपेपर्यंत हात पुढे करून ते बंद करू नका.